प्रकल्प चालू असताना उद्भवणाऱ्या अडचणींचे नियोजन आधीच कसे करावे?

पॅनेलवाला

नमस्कार मंडळी.

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत विद्युत पॅनेल बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी नोकरी करतो. आमचा कारखाना भाड्याच्या शेडमधून पोरजवळच्या स्वतःच्या जागेत हलवायचा आहे आणि दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या या स्थलांतराची जबाबदारी शेठनी माझ्यावर टाकली आहे. वेळापत्रक झाले, अंदाजपत्रक मंजूर झाले, काय काय बिघडू शकते याची यादीही झाली. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. काम चालू असताना जे प्रत्यक्ष बिघडेल ते कोणी नोंदवायचे, कोणी सोडवायचे, किती दिवसांत आणि कोणाला विचारून, हे काम सुरू होण्यापूर्वीच कसे ठरवून ठेवावे?

विचारण्याचे कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे आमची सहा पॅनेले बसवायची होती. आराखड्यात केबलची ट्रेंच ६०० मिलिमीटर रुंद होती आणि जागेवर ती ४५० खणली गेली होती. आमच्या वायरमनने ट्रेंचवर आडवी टेप धरून फोटो काढला आणि कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्या फोटोखाली दोन अंगठे उमटले, मग कोणाचे तरी उगवत्या सूर्यासह सुप्रभात आले, मग क्रेन किती वाजता येणार याची चर्चा सुरू झाली. तीन आठवड्यांनी, पॅनेले ट्रेलरवरून उतरवायच्या दिवशी, तीच ट्रेंच फोडावी लागली आणि क्रेन दोन दिवस भाडे खात उभी राहिली. नंतरच्या बैठकीत प्रत्येकाने मोबाइल वर सरकवत सरकवत तो फोटो शोधून काढला आणि आपण तो वेळेवर पाहिला होता हे सिद्ध केले.

पाठ्यपुस्तकांतील तक्ते माझ्याकडे आहेत. ते तिसऱ्या आठवड्यानंतरही जिवंत राहतील अशी तजवीज आपल्यापैकी कोणी केली असल्यास ती कृपया सांगावी.

शेवउसळ

बडोद्यात अडचणींचे नियोजन पूर्वापार दोन शब्दांत होत आले आहे आणि ते शब्द ‘थई जशे’ (होऊन जाईल) असे आहेत. त्यांत कोणाचे नाव नसते, तारीख नसते, रक्कम नसते, आणि तरीही ऐकणारा समाधान पावून घरी जातो. एवढी आटोपशीर पद्धत आपल्याला दुसरी मिळणार नाही.

जुनी_साइट

शेवउसळ यांनी थट्टा केली आहे, पण नोंदीत काय असावे याची यादी त्यांनी उलट्या बाजूने पुरी दिली आहे: नाव, तारीख आणि रक्कम.

मी सरकारी बांधकाम खात्यात बत्तीस वर्षे काढली. पॅनेलवाला यांनी प्रथम जोखीम आणि अडचण हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. जोखीम अजून घडलेली नसते, तिच्यासाठी आपण तरतूद करतो. अडचण घडून गेलेली असते, तिच्यासाठी निर्णय लागतो. यादीतली जोखीम खरी ठरली की तिला त्या यादीतून उचलून अडचणींच्या वहीत आणायचे आणि तिच्यापुढे एका माणसाचे नाव लिहायचे. पुष्कळ ठिकाणी दोन्हींचा एकच तक्ता असतो आणि मग ‘पाऊस लवकर येण्याची शक्यता’ आणि ‘पायाच्या खड्ड्यात पाणी भरले आहे’ ही वाक्ये एकाच रंगात शेजारी शेजारी बसलेली दिसतात.

आमच्याकडे साइटवर दोन वह्या असत. साइट ऑर्डर बुकात अभियंत्याने दिलेली सूचना आणि ठेकेदाराने तिची पूर्तता केल्याची सही असे. दुसरी वही हिंडरन्स रजिस्टर. काम कशामुळे अडले, कोणत्या तारखेस अडले, अडथळा कधी दूर झाला आणि किती दिवस गेले, हे तिच्यात लिहायचे. दोन अडथळे एकाच काळात असतील तर सामायिक दिवस दोनदा मोजायचे नाहीत. ते वजा करून निव्वळ दिवस लिहायचे आणि दोन्ही पक्षांनी सही करायची. मुदतवाढीचा अर्ज आला की हीच वही टेबलावर येत असे.

या वहीची किंमत मला एका पुलाच्या कामात कळली. पायाचा सुधारित नकाशा वरच्या कार्यालयातून येण्यास एकेचाळीस दिवस लागले, परंतु वरिष्ठांच्या कार्यालयाच्या नावाने अडथळा कसा लिहावा, या संकोचाने माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने ती नोंद केलीच नाही. मीही त्या पानावर डोळे मिटून सही केली. दीड वर्षाने ठेकेदाराने मुदतवाढ मागितली तेव्हा वहीप्रमाणे त्याचे काम एकेचाळीस दिवस विनाकारण बंद होते आणि त्याला दंड बसण्याची वेळ आली. शेवटी आवक-जावकच्या जुन्या रजिस्टरांतून आम्ही त्या तारखा खणून काढल्या. त्या माणसाने मला नंतर चहा पाजला, पण तो काही बोलला नाही.

छोटा_ठेकेदार

काकांचा अनुभव मोठा आहे आणि तो मी मान्य करतो, परंतु एक बाब स्पष्ट लिहिणे मला भाग आहे: वही ज्याच्या कपाटात असते, उपयोगही त्यालाच होतो.

माझे फॅब्रिकेशनचे काम आहे. एका कारखान्यात आमच्या ब्रॅकेटांची भोके ४ मिलिमीटर सरकली होती. त्यांच्या व्यवस्थापकांनी प्रामाणिकपणे नोंदी करण्याचा आग्रह धरला होता, म्हणून मी स्वतः होऊन लिहिले आणि दोन दिवसांत दुरुस्त करून दिले. त्या दुरुस्तीमुळे त्यांचे काम एक तासही थांबले नाही. बिलाच्या वेळी त्याच पानाची झेरॉक्स बिलाला टाचलेली होती आणि पाच टक्के कापलेले होते. त्या दिवसापासून माझी माणसे अडचण फोनवर सांगतात आणि फोन ठेवताना ‘लिहू नका’ असेही सांगतात.

म्हणून पॅनेलवाला साहेबांनी वहीत काय लिहायचे हे ठरवण्यापूर्वी, वहीतले लिखाण कशासाठी वापरले जाणार नाही, हे ठरवावे.

जुनी_साइट

छोटा_ठेकेदार यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही, कारण असे बिल कापलेले मी पाहिले आहे. वही एकाच्याच कपाटात राहू नये यासाठी आम्ही कार्बन लावून तीन प्रती करत असू आणि एक जागेवरच फाडून ठेकेदाराच्या हातात देत असू. हल्ली पानाचा फोटो दोघांकडे राहिला तरी पुरे. दोषाबद्दल रक्कम कापायची असेल तर तिच्यासाठी तपासणीचा स्वतंत्र कागद असावा. अडचण कळवणाऱ्याच्या हस्ताक्षरानेच त्याचा खिसा कापणे योग्य नव्हे.

ताईंचा_हिशेब

मी एका उद्योगसमूहाचे हिशेब पाहते आणि माझ्या टेबलावर अडचणी पोहोचतात त्या पैशांच्या रूपात, बहुधा फार उशिरा. माझी एकच सूचना आहे: निर्णयाचे अधिकार हुद्द्यांत न लिहिता रुपयांत आणि दिवसांत लिहावेत. ‘गंभीर बाबी व्यवस्थापनास कळवाव्यात’ या वाक्याचा काहीही उपयोग होत नाही, कारण साइटवर उभ्या असलेल्या माणसाला आपली बाब गंभीर आहे की किरकोळ, हेच ठरवता येत नसते. त्याऐवजी असे लिहावे की दहा हजारांपर्यंत आणि एका दिवसापर्यंतचा निर्णय सुपरवायझरने घ्यावा व संध्याकाळी कळवावे. पन्नास हजारांपर्यंत आणि तीन दिवसांपर्यंत पॅनेलवाला यांनी घ्यावा. त्यापुढचा शेठनी घ्यावा, आणि शेठनी तो किती तासांत द्यावा हेही लिहावे. शेवटचा भाग लिहिताना सर्वांचे हात थरथरतात, पण क्रेनचे भाडे शेठच्या विचारासाठी थांबत नाही.

ही पत्रके आजच करून सही घ्यावी. एकदा काम अडले आणि आवाज चढले, की अधिकारांची वाटणी कोणालाच करता येत नाही.

दांडियाबाजारकर

ताईंशी मी पूर्ण सहमत आहे आणि आमच्या घरचे उदाहरण देते, जरी आमचा प्रकल्प कारखान्याचा नसून जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचा होता.

मधल्या घराची फरशी उकलली तेव्हा खालच्या सागवानी तुळईचे भिंतीत गेलेले टोक वाळवीने पोखरलेले निघाले. बाहेरून ती तुळई काळीभोर, चकचकीत, एखाद्या पैलवानाच्या दंडासारखी दिसत होती. मिस्त्रींनी टोकाला छिन्नी लावली तर ती मुठीपर्यंत आत गेली आणि पिवळसर भुसा माझ्या पायांवर पडला. तुळई बदलायची हे उघड होते. सागवान घालायचे की लोखंडी गर्डर, एवढाच प्रश्न होता. वाड्याचे मालक आम्ही पाच भावंडे. एक पुण्याला, एक नाशिकला, एक परदेशात. नाशिकच्या दादांना सागवानच हवे होते, पुण्याची वहिनी किमतीचा तक्ता मागत होती, परदेशातील भाऊ आमच्या मध्यरात्री उत्तरे देत होता. अकरा दिवस मधले घर भाड्याच्या टेकूंवर उभे होते आणि मजूर दुसऱ्या कामावर निघून गेले. बाराव्या दिवशी मिस्त्रींनी मला विचारले, “बेन, आमां मालिक कोण?”

त्या रात्री आम्ही एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. पंचवीस हजारांपर्यंत मी ठरवायचे. त्याहून अधिक असेल तर मी दोन पर्याय किमतीसह पाठवायचे. दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत ज्याचे उत्तर येणार नाही, त्याची संमती आहे असे धरायचे. पुढे जिन्याखाली कोणालाच माहीत नसलेली जुनी गटाराची नळी निघाली, तेव्हा तो निर्णय एका संध्याकाळीत झाला. नाशिकचे दादा त्या निर्णयावर नाराज झाले, परंतु कागदावर त्यांचीही सही होती.

अलकापुरी_आयटी

दांडियाबाजारकर ताई, घरात ‘मौन म्हणजे संमती’ चालून गेले असेल, परंतु कार्यालयात ते धोक्याचे आहे. तेथे सर्वांत व्यग्र माणसाचे मौन हे बहुतेक वेळा न वाचल्याचे मौन असते आणि चार महिन्यांनी तो म्हणतो की मला हे कोणी सांगितलेच नाही. आमच्याकडे नियम असा आहे की ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्यास ती बाब आपोआप त्याच्या वरच्या माणसाकडे जाते. हा नियम लागू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सर्वांच्या उत्तरांचा वेग वाढला.

प्रिन्स-टू या प्रकल्प-व्यवस्थापन पद्धतीच्या २०१७ च्या आवृत्तीत अडचणींचे तीन प्रकार सांगितले आहेत: कामात बदल करण्याची मागणी, ठरल्याबरहुकूम नसलेली किंवा नसणार अशी वस्तू, आणि या दोन्हींत न बसणारी समस्या अथवा चिंता. पहिला प्रकार वेगळा काढणे अत्यंत महत्त्वाचे आहे. शेठ नव्या शेडमध्ये फेरफटका मारताना “येथेच पेंटबूथही घेऊन टाकू” असे म्हणतील, आणि पॅनेलवाला ते ‘अडचण क्रमांक ९’ म्हणून लिहून सोडवायला बसतील. ती अडचण नाही, ते नवे काम आहे. त्यासाठी नवी रक्कम आणि नवी तारीख मागितली पाहिजे, नाही तर उशिराचे खापर तुमच्यावर आणि पेंटबूथचे श्रेय शेठकडे, अशी वाटणी होईल.

शेवउसळ

अलकापुरी_आयटी यांनी आमच्या शेठना कधी पाहिले, हे कळेल काय?

शून्य_दोष

मूळ प्रश्नात वायरमनच्या फोटोचा उल्लेख आहे. माझ्या मते त्या वायरमनने आपले कर्तव्य पुरेपूर बजावले होते. त्याच्या फोटोला पोहोचण्यासाठी ठिकाण नव्हते, एवढाच दोष.

नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. एका संगणकप्रणालीने आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि दुसरीने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरले, हा भाग बहुतेकांनी ऐकलेला असतो. चौकशी अहवालातील दुसरा भाग मला अधिक बोलका वाटतो. यान वाटेत असतानाच मार्ग मोजणाऱ्या गटाला आकडे जुळत नसल्याचे जाणवले होते. विसंगती नोंदवण्याची रीतसर पद्धतही अस्तित्वात होती. परंतु ही शंका त्या पद्धतीतून न जाता ई-मेलमध्ये आणि तोंडी बोलण्यात राहिली. पॅनेलवाला यांच्या ४५० मिलिमीटरच्या ट्रेंचचे तेच झाले, फक्त त्यांचे नुकसान दोन दिवसांच्या क्रेनवर भागले.

याच्या उलट टोयोटाच्या कारखान्यातील दोरी पाहा. कामगाराला काही चुकीचे दिसले की तो दोरी ओढतो आणि दिवा लागतो. पुष्कळांना वाटते की दोरी ओढताच गाड्या पुढे नेणारा सरकता पट्टा थांबतो, पण तसे नसते. आधी गटप्रमुख धावत येतो, आणि गाडी त्या ठाण्याच्या आखलेल्या रेषेपर्यंत पोहोचण्यापूर्वी प्रश्न सुटला तर काम चालूच राहते. न सुटल्यास पट्टा थांबतो. म्हणजे दोरी कोणी ओढायची, कोणी यायचे, कोणत्या रेषेपर्यंत वाट पाहायची आणि त्यानंतर काय होणार, या चारही गोष्टी दोरी टांगतानाच ठरलेल्या असतात. आपल्या वहीत तेवढ्या चार गोष्टी असल्या तरी मला पुरेसे वाटेल.

ताईंचा_हिशेब

धावत येणारा गटप्रमुख आमच्याकडे मिळत नाही, हे नम्रपणे नमूद करते.

कोकणातून_बडोद्यात

माझी नोकरी रेल्वेत गेली, म्हणून कोकण रेल्वेचे उदाहरण राहवत नाही. १९९० साली सुरू झालेला हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. ई. श्रीधरन यांनी या लांबीचे सात विभाग पाडले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि त्याला जागेवर निर्णय घेण्याचे भरपूर अधिकार दिले. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात इतकी मऊ माती लागली की खणलेले पुन्हा पुन्हा भरून येई. तोच शेवटपर्यंत अडून राहिला. अशा ठिकाणी प्रत्येक ढिगाऱ्यासाठी मुख्यालयाची परवानगी मागत बसले असते, तर आजही आपण पनवेलहून बसने गेलो असतो. ताईंचे रुपये-दिवसांचे कोष्टक चांगलेच आहे, परंतु आकडे उदार असावेत. साइटवरच्या माणसाला केवळ पाच हजारांचा अधिकार दिला, तर तो वर पाठवण्याच्या कामालाच जुंपला जातो.

शून्य_दोष

आपल्याशी सहमत होताना मला एक अपवाद जोडायचा आहे, कारण रुपयांच्या कोष्टकात तो कधीच सापडत नाही. जिवाला धोका असलेली बाब, ती शून्य रुपयांची असली तरी, त्याच दिवशी थेट सर्वांत वरच्या माणसापर्यंत गेली पाहिजे आणि मधल्या कोणालाही ती अडवण्याचा अधिकार असता कामा नये. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सात जणांचे प्राण गेले. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच थंडीतील रबरी ओ-रिंगांबद्दल, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या कड्यांबद्दल, हरकत घेतली होती. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना त्या हरकतीची माहितीच नव्हती, असे या अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाच्या अहवालात आहे. मधल्या पायरीवर बसलेल्यांनी ती बाब आपल्या पातळीवर मिटलेली मानली. पॅनेलवाला यांच्या स्थलांतरात उच्च दाबाची जोडणी आणि क्रेनखाली उभी माणसे, दोन्ही आहेत.

शेवउसळ

अंतराळातून क्षणभर बडोद्यात उतरू या. बडोद्यात शंका मनात ठेवणाऱ्याचे उदाहरण लक्ष्मी विलास राजवाड्याचे आहे. मेजर चार्ल्स मँट यांनी तो आखला, आणि आपली गणिते चुकली असून इमारत कोसळणार या धास्तीने त्यांनी जीव दिला, असे आमच्या आजोबांपासून सगळे सांगतात. बिचाऱ्यांना अडचणींची वही मिळाली असती तर?

जुनी_साइट

ही कथा मीही लहानपणापासून ऐकतो आणि ती कथा म्हणूनच ऐकावी असे माझे मत आहे. निश्चित एवढेच की मँट १८८१ मध्ये वारले, रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेऊन १८९० मध्ये पूर्ण केले आणि राजवाडा अद्याप ठणठणीत उभा आहे. मला कुतूहल चिझम यांच्याविषयी वाटते. दुसऱ्याचे अर्धे बांधकाम हाती घेताना आधीच्या माणसाच्या मनात कोणत्या शंका होत्या, याची नोंद त्यांना मिळाली असेल काय? पॅनेलवाला, तुम्ही मध्येच आजारी पडलात तर तुमची वही वाचून दुसरा माणूस काम उचलू शकेल, अशी ती लिहा. ‘त्या पाइपाचे बघणे’ अशी नोंद तुमच्याशिवाय कोणालाही समजणार नाही.

छोटा_ठेकेदार

वहीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या एका ग्राहकाच्या कार्यालयातील अडचणींचे रजिस्टर तळमजल्याच्या खालच्या खणात होते. ते वाळवले तेव्हा त्याची पाने एकमेकांना चिकटून पापडासारखी झाली होती आणि सर्व अडचणी एकाच वेळी बंद झाल्या होत्या. रोज संध्याकाळी पानाचा फोटो काढावा, हे काकांचे म्हणणे त्यामुळे मला दुप्पट पटते.

शेवउसळ

माझा एक गंभीर प्रश्न आहे आणि तो गंभीर असल्याचे आधीच जाहीर करतो. पॅनेलवाला यांनी ‘दिवाळीनंतर’ असे लिहिले आहे. ही कोणती तारीख आहे? लाभपंचमीपर्यंत येथे कुलूप उघडत नाही. त्यानंतर लग्नसराई. मग उत्तरायणाचे दोन दिवस सगळे माणूसबळ पतंगांसाठी छपरावर असते आणि एकही माणूस तुमच्या छपरावर नसतो. होळीला दाहोद आणि छोटा उदेपूरकडचे मजूर गावी जातात, ते कधी परततील हे त्यांनाही सांगता येत नाही. या सर्वांना वहीत अडचण म्हणून लिहिणार आहात काय?

ताईंचा_हिशेब

ती अडचण नव्हे, ते पंचांग आहे. ते वेळापत्रकात असले पाहिजे. दरवर्षी होळीला मजूर गेल्याचे आश्चर्य वाटणाऱ्या व्यवस्थापकाला मी तरी अनुभवी म्हणणार नाही.

अलकापुरी_आयटी

तिसऱ्या आठवड्याचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे, म्हणून त्याकडे वळतो. वही मरते ती बहुधा दोन कारणांनी. पहिले, तिच्यात सर्व काही लिहिले जाते. नळ गळतो, पंखा आवाज करतो, चहा थंड येतो. एकशे चाळीस नोंदी झाल्या की कोणीही ती उघडत नाही. ज्या बाबीचा निर्णय जागेवर लगेच होऊ शकतो, ती वहीत येऊ नये. दुसरे कारण असे की नोंद कोण बंद करणार, हे ठरलेले नसते. काम करणाराच ‘झाले’ असे लिहितो. आमच्याकडे ज्याने अडचण मांडली, त्यानेच ती बंद करायची असते. तुमच्या वायरमनने पुन्हा टेप धरून ६०० मोजले, तरच त्या ओळीवर रेघ मारायची.

बैठक आठवड्यातून दोनदा, उभ्याने, पंधरा मिनिटे. तिच्यात फक्त तारीख उलटलेल्या नोंदी वाचायच्या. अडचण सोडवण्याची चर्चा तेथे सुरू झाली की संबंधित दोघांना बाहेर पाठवायचे. आमच्या एका कामात एक नोंद २१४ दिवस उघडी होती. ती वाचताना सर्वजण आदराने उभे राहत, कारण तिचा मालक ‘सर्व विभाग’ असा लिहिला होता.

दांडियाबाजारकर

‘सर्व विभाग’ म्हणजे आमची पाच भावंडे.

पॅनेलवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार दिवस उत्तर देऊ शकलो नाही, कारण आपण लिहिलेले घेऊन शेठसमोर बसलो होतो. काय ठरले ते सांगतो.

वही एकच असेल आणि ती नव्या जागेवर, वरच्या मजल्यावर राहील. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालू राहील, पण तेथे टाकलेली बाब वहीत क्रमांक मिळेपर्यंत कळवलेली मानली जाणार नाही, आणि क्रमांक देण्याचे काम आमच्या स्टोअरच्या मुलाकडे दिले आहे, कारण तो दिवसभर जागेवर असतो आणि कोणालाही घाबरत नाही. प्रत्येक ओळीत मांडणाऱ्याचे नाव, सोडवणाऱ्या एकाच माणसाचे नाव, निर्णयाची तारीख आणि अंदाजे रक्कम असेल. सुपरवायझरला पंधरा हजार आणि एक दिवस, मला साठ हजार आणि तीन दिवस. शेठनी स्वतःसाठी चोवीस तास मान्य केले, मात्र रविवार वगळून. मौनाच्या बाबतीत अलकापुरी_आयटी यांचा नियम घेतला. शेठच्या वर कोणीच नसल्यामुळे त्यांच्या मौनानंतर त्यांच्या वडिलांना फोन जाईल, हे त्यांनी हसत हसत, पण सहीनिशी मान्य केले. सुरक्षेची बाब कोष्टकाबाहेर ठेवली आहे आणि तिच्यासाठी कोणताही वायरमन थेट शेठना फोन करू शकेल.

छोटा_ठेकेदार यांच्या मुद्द्यावर सर्वाधिक वाद झाला. आमच्या खरेदी विभागाला वहीचा आधार सोडायचा नव्हता. शेवटी कामाच्या ऑर्डरमध्ये असे वाक्य घातले की ठेकेदाराने स्वतः होऊन नोंदवलेली आणि मुदतीत दुरुस्त केलेली चूक बिलातील कपातीचे कारण होणार नाही. उशिरा किंवा दुसऱ्याने शोधून काढलेल्या चुकीला हे लागू नाही.

आरंभ लाभपंचमीनंतरच्या पहिल्या सोमवारी. पंचांग भिंतीवर लावले आहे. सराव म्हणून सध्याच्या तयारीतील सात बाबी वहीत उतरवल्या असून पहिल्या पानाचा फोटो येथे जोडत आहे.

छोटा_ठेकेदार

हे वाक्य छापील ऑर्डरमध्ये आले असेल तर माझी माणसे लिहितील. आधी एकदा बिल पाहतील, मग लिहितील, पण लिहितील.

ताईंचा_हिशेब

फोटो मोठा करून पाहिला. क्रमांक ४, वीज कंपनीच्या मीटरची जागा. मांडणाऱ्याचे नाव आहे, सोडवणाऱ्याचे आहे, रक्कम आहे. निर्णयाच्या तारखेच्या रकान्यात ‘लवकरच’ असे लिहिले आहे.

पॅनेलवाला

खोडले आहे, ताई. गुरुवार, दुपारी चार.